‘लेट’ म्हणजे जाऊ दे, आणि ‘लेट’ म्हणजे अडथळासुद्धा

भारतीय पासपोर्टच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने केलेली एक विनंती छापलेली असते. पासपोर्टधारकाला मोकळेपणी जाऊ द्यावं, ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’, आणि त्याला लागेल ती मदत आणि संरक्षण द्यावं, असा तिचा आशय. शाळेत शिकलेलं इंग्रजी इथे अडखळतं. ‘लेट मी गो’ म्हणजे मला जाऊ दे. मग ‘विदाउट लेट’ म्हणजे जाऊ न देता? तो अर्थ घेतला तर सगळी विनंतीच उलटी होते. इथे ‘लेट’चा अर्थ अडथळा असा आहे, म्हणजे नेहमीच्या ‘लेट’च्या नेमका विरुद्ध.

साधारण ११५० सालापर्यंतच्या इंग्रजीत, जिला जुनी इंग्रजी म्हणतात, हे दोन निराळे शब्द होते. एक ‘लॅतन’, त्यातला पहिला स्वर लांब. अर्थ होऊ देणे, सोडणे. दुसरा ‘लेत्तन’, त्यात ‘त’चं द्वित्त, अर्थ उशीर करवणे, अडवून ठेवणे. आपण ‘गाडी लेट आहे’ म्हणतो त्यातला लेट या दुसऱ्याचा सख्खा भाऊ. ज्याला उशीर करवला त्याला अडवलंच, इतकं ते साधं आहे. पुढच्या काही शतकांत क्रियापदांच्या शेवटचे प्रत्यय गळून पडले, पहिल्या शब्दातला लांब स्वर आखूड झाला आणि दोघांचा उच्चार एकच झाला. बोलणाऱ्यांनी काही उलटंपालटं केलं नाही. दोन वाटा चालत चालत एकाच चौकात येऊन मिळाल्या.

चारशे वर्षांपूर्वी दोन्ही अर्थ सर्रास चालत होते. भुताच्या मागे निघालेल्या हॅम्लेटला त्याचे सोबती धरून ठेवतात, तेव्हा तो म्हणतो की मला जो ‘लेट’ करील त्याचंच मी भूत करीन. आज हा अडथळ्याचा ‘लेट’ बोलण्यातून गेला आहे. कायद्याच्या ठरीव वाक्यांत आणि खेळात मात्र टिकून आहे. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून बरोबर चौकोनात पडली की पंच ‘लेट’ म्हणतो आणि ती पुन्हा करायला लावतो. स्क्वॉशमध्ये तर मूळ अर्थ अगदी डोळ्यांसमोर दिसतो. प्रतिस्पर्धी वाटेत आल्याने चेंडूपर्यंत नीट पोचता आलं नाही, तर खेळाडू ‘लेट’ मागतो.

अशा शब्दांना इंग्रजीत ‘कॉन्ट्रोनिम’ किंवा ‘ऑटो-अँटोनिम’ म्हणतात. एकमेकांकडे पाठ केलेली दोन तोंडं असणाऱ्या रोमन देवावरून ‘जेनस शब्द’ असंही म्हणतात. ‘कॉन्ट्रोनिम’ हे नाव १९६० च्या दशकातलं, शब्द मात्र कित्येक शतकं जुने. १८८४ साली कार्ल आबेल या जर्मन अभ्यासकाने असं मांडलं होतं की आदिम भाषांत एकच शब्द दोन्ही टोकं दाखवत असे, कारण उजेड कळायला अंधार लागतोच. फ्रॉइडला ही कल्पना इतकी भावली की १९१० साली त्याने तिच्यावर लेख लिहिला. १९५६ मध्ये एमिल बेन्व्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने ती पुराव्यानिशी खोडून काढली. ते बरंच झालं. आदिमानवाच्या मनाचं गूढ शोधत बसण्यापेक्षा एकेका शब्दाचा प्रवास पाहणं जास्त फळ देतं. कुठलाही शब्द एका रात्रीत उलटत नाही. प्रत्येक पाऊल लहान असतं, बोलणाऱ्याला अगदी सरळ वाटणारं असतं, आणि शेवटच्या पावलावरून मागे वळून पाहिलं तरच विरोध दिसतो.

दोन शब्द मिळून एक झाल्याचं सगळ्यात ठळक उदाहरण ‘क्लीव्ह’. अर्थ: फोडून दोन तुकडे करणे, आणि चिकटून राहणे. जुन्या इंग्रजीत फोडण्यासाठी ‘क्लेओफन’ होतं, चिकटण्यासाठी ‘क्लिफियन’. जर्मनमध्ये ही जोडी अजून वेगळी ओळखू येते: ‘क्लेबेन’ म्हणजे चिकटणे, ‘क्लीबेन’ म्हणजे फोडणे, जरी हा दुसरा शब्द आता काही बोलींपुरताच उरला आहे. इंग्रजीत दोन्ही एका साच्यात गेले. राजा जेम्सच्या काळातलं १६११ चं बायबल उघडलं तर उत्पत्तीच्या एकाच पुस्तकात दोन्ही सापडतात. २२ व्या अध्यायात अब्राहाम होमार्पणासाठी लाकडं फोडतो आणि ३४ व्या अध्यायात शखेमचा जीव दीनावर जडतो. क्रियापदाचं भूतकाळी रूप दोन्हीकडे तेच, ‘क्लेव्ह’. त्या काळच्या वाचकाचा गोंधळ होत नसे, कारण लाकूड आणि जीव यांच्याशी काय काय होतं हे त्याला ठाऊक होतं.

आजही ओळखायची खूण सोपी आहे. ‘क्लीव्ह’नंतर ‘टू’ आलं तर चिकटणे. थेट कर्म आलं तर फोडणे. साधित शब्द बहुतेक फोडणाऱ्याच्या घरचे आहेत. खाटकाचा जाड सुरा म्हणजे क्लीव्हर, दुभंगलेला ओठ म्हणजे क्लेफ्ट लिप, गाईम्हशींचा दुभागलेला खूर म्हणजे क्लोव्हन हूफ. खनिजांचं ‘क्लीव्हेज’ही तिकडचंच. अभ्रकाचे पापुद्रे एकाच दिशेने सुटतात. हिरा नेमक्या ठरलेल्या चार दिशांनी चिरतो, आणि पैलू पाडण्याआधी कच्च्या हिऱ्यात त्या दिशा शोधाव्या लागतात. चिकटणाऱ्याचा वंश कमी फोफावला, पण त्याचं एक भावंड रोज भेटतं: ‘क्ले’, म्हणजे चिकणमाती.

‘क्लिप’ची गोष्ट अशीच, फक्त इथे एक शब्द पाहुणा आहे. कागद किंवा केस धरून ठेवणारी क्लिप जुन्या इंग्रजीतल्या ‘मिठी मारणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आली. नखं कापणारं ‘क्लिप’ मात्र व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलं. म्हणून हेअर क्लिप केस धरते आणि हेअर क्लिपर केस कापतो.

आता जिथे शब्द एकच आहे आणि त्यालाच दोन उलट फांद्या फुटल्या आहेत, तिकडे वळू. इथे ‘फास्ट’सारखं उदाहरण नाही, आणि मराठी माणसाला ते इंग्रज माणसापेक्षा लवकर समजेल. मूळ अर्थ घट्ट, न हलणारा. कापडाच्या दुकानात ‘कलर फास्ट’ म्हणजे पक्का रंग, धुतला तरी न जाणारा. ‘फासन’ म्हणजे घट्ट बांधणे. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला. मग हाच शब्द वेगाने पळणाऱ्याला कसा लागला? मधली पायरी ‘जोर’ ही आहे. घट्ट धरायला जोर लागतो. तोच जोर लावून मारलं, झुंजलं, पळालं. आपण ‘जोरात धर’ म्हणतो आणि ‘गाडी जोरात चालवतो’ असंही म्हणतो. पहिल्यात हालचाल थांबवायची आहे, दुसऱ्यात हालचालच वाढली आहे, तरी आपल्याला काही खटकत नाही. ‘फास्ट’ याच वाटेने गेला.

राहिला उपासाचा ‘फास्ट’. तोही त्याच घरातला. व्रत घट्ट धरून ठेवणे यातून तो अर्थ निघाला. आपण एकादशी ‘धरतो’, सोमवार ‘धरतो’ आणि मग उपास ‘सोडतो’. इंग्रज तो मोडतो, म्हणून सकाळचं खाणं ‘ब्रेकफास्ट’. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता व्रताला मुठीत धरण्याचंच रूप दिलं, हे फार सुंदर आहे.

‘बोल्ट’ त्या मानाने झटपट उलगडतो. मुळात तो आडव्या धनुष्यातून सुटणारा आखूड, जाड बाण. बाणासारखा सुटला तो घोडा ‘बोल्टेड’. बाणासारख्या सरळ दांड्याने बंद झालं ते दारही ‘बोल्टेड’. एकाने बाणाची गती घेतली, दुसऱ्याने आकार.

‘सँक्शन’ आपल्या रोजच्या जगण्यातला. बँकेत ‘लोन सँक्शन झालं’ म्हणजे मंजुरी मिळाली. बातम्यांत ‘इराणवर सँक्शन्स’ म्हणजे निर्बंध. मूळ लॅटिन ‘सँक्शिओ’, आणि त्याचं ‘पवित्र’ या अर्थाच्या शब्दाशी नातं. कायदा पवित्र, अभंग करणे हा पहिला अर्थ. रोमन कायद्याच्या शेवटी एक कलम असे, त्यात कायदा मोडला तर काय शिक्षा ते लिहिलेलं असे. त्या कलमालाही ‘सँक्शिओ’च म्हणत. कायद्याला मान्यता देणं आणि तो मोडणाऱ्याला दंड लावणं ही एकाच शिक्क्याची दोन कामं होती. इंग्रजीत ती पुढे वेगळी झाली. दंडाचा अर्थ कायद्याच्या पुस्तकांतून पुढे आला आणि पहिल्या महायुद्धानंतर, राष्ट्रसंघाच्या काळात, तो देशांना लागू झाला.

नाम असेल तर फारसा घोटाळा होत नाही. अनेकवचनी ‘सँक्शन्स’ आणि पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ आलं तर निर्बंध. एकवचनी ‘सँक्शन’ आणि पुढे ‘फॉर’ किंवा ‘बाय’ आलं तर मंजुरी. क्रियापद मात्र फसवतं. ‘सरकारने कंपनीला सँक्शन केलं’ असं मथळ्यात आलं तर कर्ता आणि कर्म बघूनच ठरवावं लागतं: पैसा, पद, योजना यांना सँक्शन म्हणजे मंजुरी, देश, व्यक्ती, कंपनी यांना सँक्शन म्हणजे निर्बंध. सरकारी नोकराने कामाच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायचा तर आधी ‘सँक्शन’ लागतं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ खाली मिळे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ खाली. तिथे ‘सँक्शन’ ही शिक्षा नव्हे, खटल्याला दिलेली परवानगी आहे. हे वाचताना भले भले चुकतात, कारण सगळा विषय शिक्षेचाच असतो.

‘ओव्हरसाइट’मध्ये चूक आणि देखरेख एकत्र आली. वरून नजर टाकली तर सगळं दिसतं, आणि नजर वरूनच निघून गेली तर समोरचं सुटतं. मराठीत आपण कागद ‘नजरेखालून घालतो’ आणि चूक ‘नजरचुकीने’ होते. नजर दोन्हीकडे आहे. आपण फक्त शब्द वेगळे ठेवले. इंग्रजीत ओळखायची जागा म्हणजे उपपद. ‘अ‍ॅन ओव्हरसाइट’ असं मोजता येणारं रूप असेल तर ती चूक. उपपदाशिवाय नुसतं ‘ओव्हरसाइट’ किंवा ‘ओव्हरसाइट कमिटी’ असेल तर देखरेख.

स्वयंपाकघरात या शब्दांचा त्रास वेगळ्याच कारणाने होतो. इंग्रजीत कुठलंही नाम प्रत्ययाशिवाय क्रियापद करता येतं. ‘डस्ट’ म्हणजे धूळ. ‘टू डस्ट’ म्हणजे धुळीचं जे करायचं ते करणे. काढायची की घालायची, हे शब्द सांगतच नाही. शेल्फ डस्ट करा म्हणजे पुसा. केक पिठीसाखरेने डस्ट करा म्हणजे वरून भुरभुरवा. बोटांचे ठसे शोधणारा तज्ज्ञ डस्ट करतो तेव्हा आधी पूड लावतो आणि मग जास्तीची झटकतो.

इथे एक कसोटी बहुतेक ठिकाणी लागू पडते. ती गोष्ट वस्तूत मुळातच असेल तर क्रियापद ती काढतं. मुळात नसेल तर घालतं. शेंगदाण्याला टरफल असतंच, म्हणून ‘शेल्ड पीनट्स’ म्हणजे सोललेले. खजुरात बी असतेच, म्हणून पाकिटावर ‘पिटेड डेट्स’ असेल तर बी काढलेला खजूर. टोमॅटो ‘सीड’ करा म्हणजे बिया काढा, पण शेत ‘सीड’ करा म्हणजे पेरा, आणि ‘सीडेड ब्रेड’ म्हणजे वर तीळ-जवस लावलेला पाव. चूक झाली तर मापच बदलतं. पाककृतीत ‘शेल्ड पीज’ अर्धा किलो म्हटलं असेल आणि मटारच्या शेंगा अर्धा किलो आणल्या, तर दाणे निम्मे किंवा त्याहून कमी भरतील. तेवढ्यासाठी शेंगा किलोभर तरी हव्यात. ही कसोटी कलिंगड आणि द्राक्षांवर मात्र मोडते. तिथे ‘सीडेड’ म्हणजे पुष्कळदा बिया असलेलं, कारण समोर ‘सीडलेस’ ही जात उभी असते. बिनबियांचं हवं असेल तर ‘सीडलेस’ हाच शब्द शोधावा.

काही शब्द समुद्र ओलांडताना उलटले. ‘टेबल’चं चर्चिलने महायुद्धाच्या आठवणींत नोंदवलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून ते म्हणाले की आम्हाला हे ‘टेबल’ करायचं आहे. अमेरिकनांच्या लेखी टेबल करणं म्हणजे बाजूला सारून विसरणं. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मग कळलं की दोन्ही बाजूंना तेच हवं होतं. आपल्या संसदेत आणि विधिमंडळात कागदपत्रं ‘पटलावर ठेवली’ जातात. तो ब्रिटिश अर्थाचाच मराठी अवतार. त्यामुळे पुण्याहून अमेरिकेतल्या सहकाऱ्यांशी बोलताना ‘लेट्स टेबल इट’ म्हणूच नये. ‘आज चर्चेला घेऊ’ किंवा ‘पुढे ढकलू’ हे सरळ सांगावं.

‘मूट’ही तसाच. मूळ शब्द सभेचा. लंडनच्या वकिली शिक्षणसंस्थांत विद्यार्थी काल्पनिक खटले लढवत, त्याला ‘मूट’ म्हणत. आपल्या विधी महाविद्यालयांतल्या मूट कोर्ट स्पर्धा त्यातूनच आल्या. ब्रिटनमध्ये ‘मूट पॉइंट’ म्हणजे वाद घालण्याजोगा मुद्दा. अमेरिकेत लोकांनी त्यातला काल्पनिकपणा धरला: निकालाने काही फरक पडत नाही, म्हणजे वाद घालण्यात अर्थच नाही असा मुद्दा. आपल्या न्यायालयांत या दुसऱ्या अर्थासाठी ‘इन्फ्रक्च्युअस’ हा शब्द रुळला आहे, आणि तो निःसंदिग्ध आहे.

पैशाच्या दृष्टीने सगळ्यात महाग पडू शकेल असा शब्द ‘क्वालिफाइड’. डॉक्टर क्वालिफाइड असणं चांगलं. कंपनीच्या वार्षिक अहवालात लेखापरीक्षकाचं मत ‘क्वालिफाइड’ असेल तर ती धोक्याची सूचना आहे. शब्दाचा मूळ अर्थ गुणविशेष लावणे. माणसाला गुण लावला की तो पात्र ठरतो. विधानाला विशेषण लावलं की ते मर्यादित होतं. ‘हिशेब योग्य आहेत, अमुक बाब सोडून’, त्यातलं ‘सोडून’ म्हणजे क्वालिफिकेशन. स्वच्छ अहवालाला ‘अनक्वालिफाइड’ म्हणतात, जे ऐकायला वाईट वाटतं. शेअर घेण्याआधी लेखापरीक्षकाच्या अहवालात ‘क्वालिफाइड ओपिनियन’ असं उपशीर्षक आहे का ते पाहावं. असेल तर लगेच खाली ‘बेसिस फॉर क्वालिफाइड ओपिनियन’मध्ये कारण दिलेलं असतं. संचालक मंडळाच्या अहवालातही त्याचं स्पष्टीकरण सापडलं पाहिजे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३४ नुसार ते देणं बंधनकारक आहे.

‘पेरूज’ हा वापरता वापरता घसरलेला शब्द. जुना रुळलेला अर्थ बारकाईने, शेवटापर्यंत वाचणे. आता पुष्कळ लोक तो वरवर चाळण्यासाठी वापरतात. ‘स्कॅन’चंही तेच झालं. सरकारी पत्रांतल्या ‘फॉर युवर काइंड पेरूजल’चा, आपल्या ‘अवलोकनार्थ’चा, अर्थ मात्र जुनाच: नीट वाचा.

मराठीतही अशी घसरण झाली आहे. ‘परोक्ष’ म्हणजे डोळ्यांआड. म्हणून ‘अपरोक्ष’ म्हणजे प्रत्यक्ष, समोर. वेदान्तातलं अपरोक्ष ज्ञान म्हणजे थेट अनुभवाचं ज्ञान. पण ‘माझ्या अपरोक्ष त्यांनी ठरवून टाकलं’ या रोजच्या वाक्यात अर्थ ‘पाठीमागे’ असा आहे. नकाराचा ‘अ’ कानाला ‘मी नसताना’ असा लागला आणि शब्द उलटला. काही ठिकाणी आपण मुद्दामच उलटं बोलतो: नारळ फोडला तरी ‘वाढवला’, बांगडी फुटली तरी ‘वाढवली’, आणि घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’. अशुभ शब्द तोंडी येऊ नये ही काळजी त्यामागे आहे. इंग्रजीत या वाटेने फार शब्द उलटलेले नाहीत. ‘परवा’ तर कालच्या आधीचा दिवस आणि उद्यानंतरचाही. क्रियापदाचा काळ पाहिल्याशिवाय तो कळतच नाही.

संदर्भानेही न सुटणारा एक शब्द उरतो, ‘बायमंथली’. दोन महिन्यांतून एकदा की महिन्यातून दोनदा? कोश दोन्ही अर्थ देतात. रिझर्व्ह बँकेचं ‘बायमंथली’ पतधोरण वर्षातून सहा वेळा येतं, म्हणजे तिथे पहिला अर्थ. मराठी ‘द्वैमासिक’ आणि ‘पाक्षिक’ यांत असा घोळ नाही. इंग्रजीत ‘फोर्टनाइटली’ लिहिलं तर भारतात आणि ब्रिटनमध्ये कळतं, अमेरिकेत तो शब्द फारसा चालत नाही. भाडेकरार, पगारपत्रक किंवा औषधाची चिठ्ठी असेल तर दोन्ही टाळून ‘दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला’ असं थेट लिहावं.